नर्मदेची परिक्रमा व आमची बंडी
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संघाच्या कार्यकारी मंडळाने आमच्यासारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास आजच्या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही सन १९७४ साली मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला, अडतीस वर्षे जळगाव जिल्ह्यातील शाळांतून मुलांस बाराखडी व पाढे शिकविले आणि सन २०१५ मध्ये निवृत्त झालो. एवढ्या भांडवलावर श्रद्धेसारख्या गहन विषयावर व्याख्यान देणे हे धारिष्ट्यच होय. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तुम्ही नर्मदामैयाची परिक्रमा पायी केली आहे; तिकडचे अनुभव सांगा." अनुभव सांगण्यास विद्वत्ता लागत नाही, म्हणून आम्ही होकार दिला.

एक खुलासा मात्र आधीच केलेला बरा. परिक्रमा करून आलेला मनुष्य बोलावयास उभा राहिला की श्रोत्यांची काही अपेक्षा असते. रानात वाट चुकली असता परकर नेसलेली एक चिमुरडी मुलगी पुढे आली, तिने वाट दाखविली, आणि मागे वळून पाहतो तो ती दिसेनाशी झाली. किंवा मध्यरात्री भुकेने प्राण कासावीस झाले असता कोणी अनोळखी मनुष्य गरम पुऱ्यांचे पान ठेवून गेला. अशा कथा आम्हीही आश्रमाआश्रमांतून ऐकल्या आहेत. सांगणारे खोटे बोलत होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आम्हांस मैयाने असे दर्शन दिले नाही. आमच्या वाट्यास जे आले ते एका जुन्या बंडीच्या अस्तराशी निगडित आहे, आणि ते सांगताना आम्हांस थोडी लाजही वाटणार आहे. ज्यांना चमत्कारच ऐकावयाचे असतील त्यांनी भोजनमंडपाकडे वळण्यास आमची हरकत नाही. आज श्रीखंड आहे असे ऐकतो.

आमचे घराणे श्रद्धाळू. वडील रोज पहाटे उठून पूजा करीत आणि शेतात पीक बुडाले त्या वर्षीही त्यांनी एकादशी मोडली नाही. "ज्याने आपला भार देवावर टाकला त्याला देव पडू देत नाही," हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की ते आमचेच झाले. आणि पुढे मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही ते मुलांकडून घोकून घेतले. ते खरे आहे की नाही, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. पाढे खरे आहेत की नाहीत असे कोणी विचारतो काय?

शाळेत आमचे एक सहकारी होते. ते विज्ञान शिकवीत आणि देव मानीत नसत. मनुष्य मोठा सज्जन. आमच्या मोठ्या मुलाच्या आजारपणात तीन रात्री इस्पितळात बसलेला. निवृत्तीनंतर एके दिवशी पारावर बसलो असता ते सहज म्हणाले, "गुरुजी, तुमचा विश्वास देवावर आहे आणि पेन्शनीवरही आहे. दोहोंपैकी कोणावर किती, याची परीक्षा कधी झाली आहे काय?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण काटा टाचेत मोडावा तसा तो प्रश्न रुतून बसला. परिक्रमेला निघालो ते नवस फेडावयास नव्हे, पुण्य जोडावयासही नव्हे. खरे सांगावयाचे तर त्या गृहस्थाला उत्तर द्यावयास निघालो.

परिक्रमेची माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नर्मदा अमरकंटकास उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर पश्चिमेस वाहत जाऊन भरुचच्या पुढे खंबातच्या आखातास मिळते. त्यांतला अवघा थोडा भाग नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरून, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याचा. नदी नित्य उजव्या हातास ठेवून दोन्ही तीरांनी तिला पूर्ण वळसा घालावयाचा, मुख्य प्रवाह कोठेही ओलांडावयाचा नाही, चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम करावयाचा. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात. हल्ली बहुतेक जण ती पाच-सहा महिन्यांत उरकतात, आणि आम्हीही त्यांतलेच. मार्कंडेय ऋषींनी प्रत्येक उपनदीच्या उगमासही वळसा घालून सत्तावीस वर्षांत ती पुरी केली अशी आख्यायिका आहे. सदाव्रतात कोरडा शिधा मिळतो. तो घेऊन आपल्या हाताने शिजवून खावे, द्रव्याचा संग्रह करू नये, उद्याची तजवीज करू नये, भेटेल त्यास "नर्मदे हर" म्हणावे. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आम्ही तरुणपणी वाचली होती, तेव्हापासून हे नियम आम्हांस तोंडपाठ होते.

नियम पाठ असणे आणि ते पाळणे यांत किती अंतर असते हे शिक्षकाला सांगावयास नको. सन २०१८ च्या कार्तिकी एकादशीनंतर आम्ही ओंकारेश्वरी जाऊन मुंडन केले, कन्यापूजन केले, कुपीत मैयाचे जल भरून घेतले आणि संकल्प सोडला. हातात दंड व कमंडलू, खांद्यावर पडशी, अंगात पांढरे धोतर व बंडी. पाहणाऱ्यास मूर्तिमंत वैराग्यच वाटावे! परंतु त्या बंडीच्या अस्तरात पाचशे रुपयांच्या आठ नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शिवलेल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी त्या शिवून दिल्या. पण त्यांना दोष देऊ नये, कारण अस्तर कोठे उसवावे हे आम्हीच दाखविले होते. आणि पडशीच्या तळाशी आपल्या संघाने प्रसिद्ध केलेली ज्ञातिबांधवांची परिचय-सूची होती, जिची मुद्रिते आम्हीच तपासली होती. बडवानीपासून भरुचपर्यंत आपली घरे कोठे कोठे आहेत, त्यांवर आम्ही तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. म्हणजे मैयाने ऐन वेळी हात सोडलाच तर एका बाजूस चार हजार रुपये आणि दुसऱ्या बाजूस समस्त ज्ञाती!

या संदर्भात आम्हांस नेहमी वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ सन १९०७ मध्ये छापून निघाला. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा. कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळवावेत म्हणून हा गरीब भिक्षुक सन १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने डोळ्यांनी पाहिला, वाटेत लुटला गेला, आणि अखेर घरी परतला तो गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. भटजींनी आपण पैशासाठी निघालो हे लपविले नाही, आणि आणले ते गंगाजल. आम्ही मैयासाठी निघालो असे जगाला सांगत होतो, आणि नेत होतो ते पैसे. दोघांत प्रामाणिक कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पहिले पंधरा दिवस मोठ्या आनंदात गेले. आयुष्यभर ज्याला संध्याकाळी कोठे निजावयाचे हे ठाऊक होते, त्याला ते ठाऊक नसण्यात एक विलक्षण थरार असतो. दिवस कलला की एखाद्या गावाशी पोहोचावयाचे, आणि कोणी तरी दारातून हाक मारावयाची, "नर्मदे हर! कितनी मूर्ति हैं?" माणसे मोजताना तिकडे मूर्ती म्हणतात. निवृत्त शिक्षकाला आपण मूर्ती आहो हे प्रथमच कळले. लोक पीठ देत, डाळ देत, तेलाचा दिवा देत, कांबळे देत. आम्ही रोज रात्री वहीत लिहीत असू, "आज मैयाने भोजन दिले. आज मैयाने निवारा दिला." आणि कुशीवर वळलो की अस्तरातील प्लॅस्टिक कुरकुरत असे.

बडवानीस सूचीतील एका घरी गेलो. नाव सांगत नाही. मंडळी अत्यंत प्रेमळ, त्यांचे उपकार आमच्यावर आहेत. परंतु घडले ते असे. दुपारी त्यांच्या ओसरीशी आम्ही "नर्मदे हर" म्हणून उभे राहिलो. आतून एका मुलाने मूठभर तांदूळ आणून दिले आणि पुढे जाण्यास सुचविले. मग आम्ही आपले आडनाव आणि गाव सांगितले. त्यासरशी सारे घर बाहेर आले. पाय धुवावयास गरम पाणी, चांदीच्या वाटीत बासुंदी, कोणाचा कोण लागतो याची उजळणी, निघताना डोळ्यांत पाणी! आम्ही कृतार्थ झालो. दुसऱ्या दिवशी डोंगर चढताना मात्र वारंवार एकच विचार मनात येई. त्या ओसरीवर उभा असलेला मनुष्य आडनाव सांगण्यापूर्वी निराळा होता काय? त्याची भूक निराळी होती काय? आणि त्याहून अवघड म्हणजे, आमच्या घरी असा कोणी उभा राहिला असता तर आम्ही काय केले असते? मूठभर तांदूळच दिले असते, हे आम्हांस पक्के ठाऊक होते.

बडवानी मागे पडली की शूलपाणीची झाडी लागते. सातपुड्याच्या त्या रानाबद्दल जुनी मंडळी थरथरत बोलत. तेथील भिल्ल परिक्रमावासीयास अडवून लंगोटीखेरीज सर्व काही काढून घेत. आणि परिक्रमावासी त्यांना "मामा" म्हणत, कारण ते मैयाचे भाऊ, तिच्याच इच्छेने आपला अहंकार उतरवितात असा समज. अलीकडे ती लूट जवळजवळ थांबली आहे. आता जुनी वाटही उरलेली नाही. सरदार सरोवराचे दरवाजे सन २०१७ मध्ये बंद झाले, आणि १३८.६८ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे पाणी डोंगरांच्या घळींतून दूरवर पसरले आहे. शूलपाणेश्वराचे पुरातन मंदिर पाण्याखाली गेले, नवे दुसरीकडे बांधले. महाराष्ट्रातील तेहतीस गावांस त्या पाण्याची झळ लागली. परिक्रमावासी आता वरच्या डोंगरांतून, धडगावच्या बाजूने जातात. खाली निळे, निश्चल पाणी दिसते. ती नदी म्हणावी की तळे, असा प्रश्न आमच्या मनात आला आणि आम्ही तो घाईघाईने दाबून टाकला.

याच डोंगरांत आम्हांस ताप भरला. सोबतची दोघे पुढे गेली होती. दुपारपासून अंगात कणकण, संध्याकाळी पाय उचलेना. एका पाड्यावरील पहिल्या घराच्या अंगणात आम्ही बसलो ते बसलोच. कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, दारात शेळ्या. घर पावरा कुटुंबाचे. म्हातारा, म्हातारी, मुलगा, सून आणि एक चौथीतला नातू. मुलगा व सून मजुरीला परजिल्ह्यात गेलेली. त्यांनी आम्हांस आत नेऊन खाटेवर निजविले.

बंधुभगिनींनो, सातपुडा आमच्या गावच्या शिवारातून रोज दिसतो. आमच्या शाळेत पावरा आणि भिल्ल मुले येत असत. ती गुणी होती, आमचा त्यांच्यावर लोभ होता असे आम्ही समजत होतो. परंतु ती आमच्या घरी वही दाखवावयास आली तर पाणी अंगणात मिळे, वेगळ्या लोट्याने. आणि साठ वर्षांत आम्ही त्यांच्यापैकी एकाच्याही घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तो आता ओलांडला, तोही दुसऱ्यांनी दोन्ही बगलांस धरून.

रात्री म्हातारी जवळ येऊन उभी राहिली आणि काही पुटपुटली. नातू मराठी शाळेत शिकणारा. तो क्रमिक पुस्तकातल्यासारखी शुद्ध मराठी बोले. तो म्हणाला, "आजी विचारते, आपणांस आमच्या हातचे चालेल काय? नाही चालणार, तर ती पीठ आणि चूल वेगळी देईल."

स्वयंपाक स्वहस्ते करावयाचा हा नियम आम्ही तोवर एक दिवस मोडला नव्हता. बडवानीची बासुंदी वगळता, कारण ती ज्ञातीतली! हे 'वगळता' आम्हांस तेव्हा, त्या तापात, प्रथम ऐकू आले. आम्ही म्हटले, "चालेल." तिने ज्वारीची भाकर उडदाच्या डाळीत कुसकरून दिली. पुढे पाच दिवस आम्ही तेच खाल्ले. दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या, त्यांनी बोट टोचून रक्त घेतले आणि गोळ्या दिल्या. आम्ही गोळ्याही घेत होतो आणि कुपीतील मैयाचे तीर्थही. ताप उतरला. कशाने उतरला याचा निर्णय आम्ही आमच्या विज्ञान-शिक्षक मित्रांवर सोडला आहे. त्यांचे मत काय पडेल हे सांगावयास नको.

चौथ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तो अंगात बंडी नाही. छातीत धस्स झाले. धडपडत दारापर्यंत आलो. अंगणात काट्यांच्या कुंपणावर धुतलेली बंडी वाळत होती, आणि खाली एका सपाट शिळेवर आमच्या आठही नोटा उन्हात ओळीने पसरल्या होत्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक गारगोटी ठेवलेली. प्लॅस्टिकची पिशवी कोठे तरी फाटली होती, घामाने नोटा भिजून एकमेकींस चिकटल्या होत्या. म्हातारीने अस्तर उसवून त्या सोडविल्या होत्या. ती शेजारी बसून शेळ्या हाकीत होती. नोटा शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून.

आम्ही काय बोलावे? ती काहीच बोलली नाही. नातवाने मात्र तिच्याशी दोन शब्द केले आणि मग आमच्याकडे वळून आपल्या त्या पुस्तकी मराठीत विचारले, "गुरुजी, आपल्याजवळ पैसे असताना आपण मागत का फिरता?"

आम्ही म्हटले, "परिक्रमेचा तसा नियम आहे."

"मग पैसे जवळ ठेवावेत असाही नियम आहे काय?"

अडतीस वर्षांत आम्ही हजारो प्रश्न विचारले. त्यांतला एकही इतका सरळ नव्हता. उत्तर न आलेल्या मुलाला आम्ही उभा करीत असू. त्या दिवशी आम्ही दाराच्या चौकटीला धरून उभे होतो.

दुपारी आम्ही त्या नोटा म्हाताऱ्यापुढे ठेवल्या. त्याने हात लावला नाही. तो हसला आणि बाजारात शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाला की, परकम्मावाल्याचे घ्यावयाचे नाही असे आता पाड्याने ठरविले आहे. त्याच्या लहानपणी आलो असतो तर हे आठही कागद राहिले नसते आणि बंडीही राहिली नसती. आम्ही विचारले, "मग त्या लुटलेल्या माणसांचे काय होत असे?" तो म्हणाला, "काय व्हायचे? पुढच्या पाड्यावर जात. तिथे त्यांना जेवण मिळे." आम्ही पुन्हा विचारले, "कोणी उपाशी मेला असे झाले नाही?" त्याने थोडा विचार केला आणि नाही म्हणून मान हलविली.

त्याची खालची जमीन पाण्यात गेली होती. बोट करून त्याने ती जागा दाखविली. आम्हांस केवळ पाणी दिसले. त्याच पाण्याला तो सकाळी हात जोडत असे. मैयाचा राग येत नाही काय, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "पाणी तिने नाही अडवले." ज्या प्रश्नाला आम्ही आठवडाभर आधी दाबून टाकले होते, तो त्याने किती वर्षांपूर्वीच सोडविलेला होता.

निघण्याच्या दिवशी म्हातारीने नोटा पुन्हा अस्तरात घालून शिवून दिल्या. आम्ही नको म्हणत होतो. तिने ऐकले नाही.

येथपासून पुढे आमच्या वहीत एक फरक पडला. "मैयाने भोजन दिले" असे लिहावयास घेतले आणि हात थांबला. मैयाने दिले हे खरे असेल. परंतु भाकरी थापताना जिचे बोट भाजले ती मैया नव्हती. मागील पाने चाळली तो जवळजवळ महिनाभर आम्हांस जेऊ घालणाऱ्यांपैकी एकाचेही नाव वहीत नव्हते. सारे श्रेय देवाला दिले की मनुष्याचे नाव विचारण्याचे कारण उरत नाही, आणि नाव विचारले नाही की त्याचे ऋणही मानावे लागत नाही. ही भक्ती की कंजुषी? आम्ही फार घोटाळ्यात पडलो. त्या दिवसापासून नाव विचारून लिहू लागलो. ती नावे येथे वाचून दाखवीत नाही, कारण त्यांची परवानगी घेतलेली नाही.

पुढचा प्रवास लांबचा असला तरी थोडक्यात सांगतो. दक्षिण तीरावर विमलेश्वरास भरतीची वाट पाहत थांबावे लागते. तेथून नावेने खाडी ओलांडून मिठी तलाईस, म्हणजे उत्तर तीरास, उतरावयाचे. नाव गच्च भरलेली, पाण्याचा रंग मातकट, किनारा दोन्हीकडचा दिसेनासा झाला. सारे जण स्तोत्रे म्हणत होते. आम्हीही म्हणत होतो. परंतु प्रामाणिकपणे सांगतो, आमचे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होते. तो क्षणभर अडखळला की आमचा स्वर चढे. आम्ही मैयाला भजत होतो की इंजिनाला?

नावेचे भाडे आमच्या वतीने एका गुजराती शेतकऱ्याने भरले. त्याने विचारले, "बाबाजी, आपल्याजवळ काही आहे की नाही?" आम्ही आहे असेही म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही. धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा'चा अर्थ आम्ही वर्गात कित्येकदा समजावून दिला होता. तो स्वतःस त्या दिवशी समजला. भर समुद्रात त्या नोटा काढून पाण्यात टाकाव्यात असा विचार आला. टाकल्या नाहीत. पेन्शनीवर जगणाऱ्या मनुष्याच्या हातून असले नाट्य होत नाही, आणि झाले असते तर ते अधिकच खोटे ठरले असते.

भरुचास सूचीतील घर होते. आम्ही तेथे गेलो नाही. राग म्हणून नव्हे; आडनाव न सांगता कोठवर चालता येते हे पाहावे, असे वाटले. बरेच लांब चालता आले. गरुडेश्वरी टेंब्येस्वामींच्या समाधीपुढे एक रात्र काढली. महेश्वरी अहिल्याबाईंच्या घाटावर बसलो. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांत मैया पाहिली तेव्हा शंका, कुशंका सारे विसरलो आणि तासभर नुसते बसून राहिलो. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्यांनी हीच वाट चालून नदीच्या सौंदर्यावर पुस्तके लिहिली. ते सन २०१८ मध्येच, आम्ही निघण्याच्या चार महिने आधी वारले. त्या घाटावर आम्हांस त्यांचे स्मरण झाले. अमरकंटकास उगमाला वळसा घालून दक्षिण तीराने परतलो आणि वैशाखाच्या कडक उन्हात ओंकारेश्वरी कुपीतील जल अर्पण केले.

श्रद्धा वाढली की घटली, असे पुष्कळ जण विचारतात. आम्हांस त्याचे मोजमाप करता येत नाही. देव आहे असे आम्ही मानतो; पूजा करतो. मात्र "ज्याने आपला भार देवावर टाकला" हे वडिलांचे वाक्य म्हणताना आता जीभ अडखळते. वाक्य खोटे ठरले म्हणून नव्हे. तो भार आम्ही कधी टाकलाच नाही, म्हणून ते खरे की खोटे याची साक्ष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. वडिलांना होता. त्यांच्या अंगातल्या बंडीला अस्तरच नव्हते.

परिचय-सूचीबद्दलही एक सांगावयाचे राहिले. तिची नवी आवृत्ती निघावयाची आहे, आणि मुद्रिते तपासण्याचे काम पुन्हा आमच्याकडे आले आहे. ते आम्ही आनंदाने करू. परगावी आपले माणूस भेटणे यात मोठे सुख आहे, ते आम्ही बडवानीस भोगले आहे. आमच्या जुन्या प्रतीच्या शेवटी टिपांसाठी दोन कोरी पाने आहेत. वहीतील ती सारी नावे आम्ही त्या पानांवर उतरून काढली. पाने अपुरी पडली, तेव्हा आणखी चार चिकटविली. आपल्या घरी दुपारी कोणी "नर्मदे हर" म्हणून, किंवा काहीच न म्हणता, ओसरीशी उभा राहिला तर काय करावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आमच्या घरी अंगणातला तो वेगळा लोटा आता मोरीत असतो.

विज्ञान-शिक्षक मित्र दुसऱ्याच दिवशी भेटावयास आले. "काय निकाल लागला?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, "चार हजारांनी नापास." ते हसतील असे वाटले होते, हसले नाहीत. आम्हांस पाच दिवस ठेवून घेणाऱ्या त्या म्हातारीची हकीगत त्यांनी दोनदा ऐकली आणि उठताना म्हणाले, "गुरुजी, पुढल्या वेळी मला बरोबर न्या."

परंतु त्याआधी, घरी पोहोचलो त्याच सायंकाळी, आमच्या सौभाग्यवती बंडी घेऊन बसल्या. नोटा काढाव्यात आणि बंडी धुवावयास टाकावी एवढाच त्यांचा हेतू. कात्रीचे टोक अस्तराशी नेले आणि त्या थबकल्या. टाके उलटसुलट करून दिव्यापाशी पाहिले.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी तर पांढऱ्या दोऱ्याने शिवले होते. हा काळा दोरा कुणाचा?"

आम्ही त्यांच्यापाशी खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगावयास लागलो. त्या रात्री घरात जेवणास फार उशीर झाला.